मर्यादवेलीचं गाऱ्हाणं

चपला इथेच काढा. पाय थोडे भाजतील, चैत्राचं ऊन आहे, पण त्याला इलाज नाही. समोर वाळूचा जो लांबलचक उंचवटा दिसतो, त्याला आम्ही कोंडवेळ गावचे लोक ‘दांडा’ म्हणतो. त्यावर पसरलेली, जांभळ्या फुलांची आणि आपट्यासारख्या पानांची ती मर्यादवेल. तिच्या अलीकडचं माणसांचं, पलीकडचं दर्याचं. वाऱ्यावर गरगरत पळताहेत ते काटेरी गोळे म्हणजे रावणाच्या मिशा. फोटोसाठी त्यांच्यामागे धावू नका. टिटवीने इथेच कुठेतरी उघड्यावर अंडी घातली असतील आणि ती खड्यांसारखीच दिसतात. पाय पडल्यावर कळून काय उपयोग? दांड्याच्या मधोमध ती खोलगट जागा दिसते ना, तिची गोष्ट सांगतो.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. तेव्हा गावात वीसेक घरं होती आणि साऱ्यांना गोड्या पाण्याची एकच विहीर, दांड्याच्या पायथ्याशी. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान सोमा घाडीचा. गाऱ्हाणं म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक असेल. एकजण देवाला विनवतो आणि जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ती साथ मिळाली तरच ते देवापर्यंत पोचतं. आपल्याच विनवणीला आपणच होकार द्यायचा नसतो, एवढी साधी रीत.

सोमाचा मुलगा गलबतावर दूर गेलेला. घरात सून होती, आवडी. तिची दोन बाळं जन्मताच गेली होती आणि आता तिसऱ्या वेळचे दिवस भरत होते. माघात तिला कासवाच्या अंड्यांचे डोहाळे लागले. डोहाळा अपुरा राहिला तर मुलाला बाधतं, अशी तेव्हाची समजूत. सोमा पार घाबरून गेला. हेही बाळ गेलं तर सून जगायची नाही, हे त्याला दिसत होतं.

कासवीण मर्यादवेलीच्या मुळाशी अंडी घालते. तिथली वाळू उकरायची नाही, असा गावाचा नेम. सोमाने तो नेम मोडला, पण मोडतानाही रीत पाळायला गेला, हीच त्याची गंमत आणि हाच त्याचा घात. भर दुपारी, किनाऱ्यावर चिटपाखरू नसताना, तो वेलीपाशी हात जोडून उभा राहिला.

“दर्या म्हाराजा, माज्या सुनेक व्हयी तेवढीच घेतंय,” असं म्हणाला, आजूबाजूला पाहिलं आणि स्वतःच उत्तर दिलं, “व्हय म्हाराजा.”

मग त्याने वेल मुळासकट उपटली आणि वाळू उकरली. घेतली चारच अंडी, असं सांगतात. पण घाईघाईत खड्डा बुजवायचा राहिला. उरलेली शंभरेक अंडी कोल्ह्यांनी आणि कावळ्यांनी संपवली. फाल्गुनात पिल्लं दर्याकडे धावतात, तसं त्या जागेवरून एकही धावलं नाही.

आवडीला मुलगा झाला. धडधाकट. सोमाने गावभर गूळ वाटला, पण दांड्याकडे तोंड करून बसायचं त्याने सोडलं.

पुढच्या चैत्रात दुपारचे वारे सुटले. वेल जिथे उपटली होती तिथली वाळू सैल पडली होती, ती उडू लागली. खड्ड्याची घळ झाली आणि घळीतून वाळू गावात शिरली. लोक दिवसभर विहीर उपसायचे, सकाळी ती पुन्हा अर्धी भरलेली. घरं सोडून जायची बोलणी सुरू झाली. शेवटी सगळे म्हणाले, सोमा, तू गाऱ्हाणं घाल.

सोमा घळीत उभा राहिला. सारं गाव मागे उभं. त्याने हात जोडले, पण नेहमीचे शब्द म्हटले नाहीत. मग तो रडत म्हणाला, “म्हाराजा, तुजी जागा मियां उकरलंय. विचारलंय मियां आणि जबाबय मियांच दिलंय. मी चुकलंय.”

या गाऱ्हाण्याला ‘व्हय म्हाराजा’ कसं म्हणायचं, आणि कोणी म्हणायचं? तेवढ्यात आवडी मूल कडेवर घेऊन पुढे आली. “अंडी मियां खाल्लंय,” ती म्हणाली. “चुकलंव म्हाराजा.” चुकलंव, म्हणजे आम्ही चुकलो.

मग एकेकाचे आवाज आले. कुणी शेळीसाठी वेल कापली होती, कुणी छपराचं गवत बांधायला. चुकलंव म्हाराजा. त्याच आठवड्यात गावाने घळीत वेलीचे तुकडे लावले, विहिरीचं पाणी घालून जगवले. पावसाळ्यात त्यांनी मूळ धरलं आणि वाळू थांबली.

आजही चैत्री पुनवेला गाव इथे अनवाणी जमतं. गाऱ्हाणं घालतात, पण त्यात काही मागत नाहीत आणि ‘व्हय’ कुणी म्हणत नाही; सगळे ‘चुकलंव म्हाराजा’ म्हणतात. आता तो मान माझ्याकडे आहे. आवडीच्या त्याच मुलाचा आमचा वंश. दरवर्षी सगळं नीट म्हणतो आणि शेवटी माझाच आवाज कचरतो. ती अंडी तिथेच राहिली असती तर बरं झालं असतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.