सरकारांच्या मोटारीचे ब्रेक

विंझोरीच्या सरकारांची मोटार वेशीपाशी थांबत नव्हती, आणि त्याचा दोष सरकार सोडून बाकी सगळ्यांना मिळत होता.

राज्य जाऊन जमाना लोटला, तरी इंद्रसेनरावांना गाव सरकारच म्हणे. ही मोटार त्यांनी जुन्या पागेत स्वतः बांधली होती. भंगारातली चासी, परदेशी इंजिन आणि वर लाल रंगवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. जागा दोघांची होती, पण दुसरं कोणी बसायला धजत नसे. दर रविवारी सरकार तिला भरधाव सोडत, आणि रविवारीच वेशीच्या वळणावर बाजार भरे. एकदा भाजीच्या पाट्या चिरडल्या, एकदा बांगड्यांची हातगाडी. या खेपेला केराबाई कुंभारणीची मडक्यांची अख्खी रास गेली. सरकारांनी खापरांवर नजर टाकली आणि म्हणाले, "ब्रेक कमी पडतात."

दर वेळी ते हेच म्हणत. मग मुंबईचे चंदावरकर नावाचे विक्रेते येत आणि आणखी भारी ब्रेक बसवून जात. आताही ते पागेत भोकांच्या डिस्क, चार पिस्टनचे कॅलिपर आणि पोलादी जाळीच्या नळ्या मांडून बसले होते. तेवढ्यात बाजारकरी गाऱ्हाणं घेऊन आले.

सरकार म्हणाले, "यापेक्षा वरचे ब्रेक जगात नाहीत. यांनीही गाडी थांबली नाही, तर चूक बाजाराची. बाजार नदीपलीकडच्या माळावर जाईल."

"माळावर गिऱ्हाईक कोण, घोरपडी?" केराबाई म्हणाली.

सरकारांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "फार कळतं ना तुला? मग ब्रेक तूच निवड. येत्या रविवारी गाडी वेशीपाशी थांबली, तर बाजार राहील. नाही थांबली, तर सगळ्यांच्या आधी तुझं बिऱ्हाड माळावर."

चंदावरकर हसले. "बाई, ही डिस्क आहे, परात नव्हे."

"परात असती तर कामाला तरी आली असती. मला एवढंच सांगा, सध्या गाडीला आहेत ते ब्रेक बिघडलेत का?"

"छे, बिघडतील कसे? आम्हीच बसवलेत. दाबले की गाडी जागच्या जागी उभी!" बोलून गेल्यावर चंदावरकरांना सरकारांचा चेहरा दिसला आणि ते नळ्या गुंडाळू लागले.

"मग तेच राहू द्या," केराबाई म्हणाली.

"वेड लागलंय हिला," सरकार म्हणाले. "राहू दे. रविवारी बघू."

रविवारी सरकारांनी मुद्दाम नेहमीपेक्षा जास्त वेग घेतला. वेशीचं वळण घेतलं आणि समोर बघतात तो काय! रस्त्याच्या मधोमध एक लाल मोटार थेट अंगावर येत होती. आत गॉगल लावलेला मिशाळ माणूस, आणि तो तसूभरही बाजूला होईना. सरकारांनी हॉर्न दाबला. समोरचा तसाच येत राहिला. शेवटी त्यांनी सगळा जोर लावून ब्रेकवर पाय रोवला. चाकं किंचाळली आणि गाडी थांबली. समोरचीही थांबली.

"डोळे फुटले का रे तुझे?" सरकार ओरडले. त्याच वेळी समोरच्यानेही तोंड उघडलं.

मग सरकारांच्या लक्षात आलं. बैलगाडीला टेकवून रस्त्यात भिंतीएवढा आरसा उभा केला होता, कापडदुकानातून मागून आणलेला. सगळा बाजार दोन्ही कडांना सरकून श्वास रोखून बघत होता.

केराबाई पुढे आली. सरकारांनी दम खात विचारलं, "खरं सांग, गुपचूप ब्रेक बदललेस ना?"

"होते तेच आहेत, सरकार. त्यांच्यात खोट नव्हतीच. आजवर समोर आमची भाजी, आमच्या बांगड्या, आमची मडकी असायची. त्यांच्यासाठी तुमचा पाय कशाला हलेल? आज समोर तुम्ही होतात, म्हणून थांबलात."

सरकारांनी गॉगल काढला आणि आरशातल्या घामेजल्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांच्या मिशा थरथरल्या आणि ते इतके हसले, की स्टिअरिंगवर डोकं टेकावं लागलं.

"बाजार इथंच राहील," ते डोळे पुसत म्हणाले. "आणि वेशीच्या कमानीखालची सावलीची जागा आजपासून केराबाईची, तिच्या लेकीसुनांची. आणखी काय हवं ते माग."

"एवढंच करा," केराबाई म्हणाली, "मोटार मागं घ्या. गिऱ्हाईक खोळंबलंय."

सरकारांनी निमूटपणे मोटार मागे घेतली.