राजाने घेतला ऐकण्याचा वसा

ऐक गे चव्हाट्याच्या आई, तुझी कहाणी. अक्षता मुठीत घट्ट धरा बायांनो, कुजबुज पुरे. दूरदेशी एक नगर होतं. तिथे धवलसेन राजा होता, चंपावती त्याची राणी होती. राजा वाईट नव्हता, पण त्या राज्याची रीतच भलती. राजाने कुठे जायचं नाही, त्याची पगडी पालखीत घालून पाठवायची. नगरात लग्न निघालं, पगडी गेली. दुष्काळ पडला, पगडी गेली. पटकीची साथ आली, घरोघरी माणसं मेली, तिथेही पगडीच गेली. बाया तिच्यापुढे रडल्या. पगडी काय बोलणार, कपाळ? मग लोक चिडले, राजवाड्यापुढे जमले. म्हणाले, "राजा, पगडीवर आमचं भागतंय. तू कशाला हवास?" राजाराणीला वेशीबाहेर काढलं.

मग ती दोघं परमुलखात आली. गवताची झोपडी बांधली. राणी लोकांची भातं लावू लागली. राजा दारात बसे, रस्त्याकडे बघे. म्हणे, "आज बोलावणं येईल." श्रावण गेला, कार्तिक गेला, फाल्गुन गेला. अशी किती वर्षं गेली. राणीच्या हातांना घट्टे पडले, राजाचे केस पिकले. मग तो तेवढं म्हणायचाही थकला.

एके सोमवारी राजा चव्हाट्यावर गेला. तिथे एक म्हातारी भुईवर बसली होती. एक सून तिला सासूचं गाऱ्हाणं सांगत होती. सून उठली, मग एकाने येऊन बैलाचं दुखणं सांगितलं. म्हातारी नुसती ऐकत होती. राजाने पुशिलं, "आजी, आजी, हा कसला वसा?"

"तुला रे बाबा कशाला हवा? घेशील, कंटाळशील, टाकून देशील."

"कंटाळेन, आजी. पण टाकणार नाही."

मग म्हातारीने वसा सांगितला. "सोमवारी उपाशीपोटी उठावं. आपल्या पायांनी चव्हाट्यावर जावं. भुईवर बसावं. येईल त्याचं ऐकावं, मध्ये बोलू नये. हातून होईल ते करावं, होणार नाही ते तोंडावर सांगावं. मग घरी येऊन जेवावं."

"आणि ह्याचं उद्यापन कधी करावं?"

"ह्याला उद्यापन नाही," म्हातारी म्हणाली.

राजाने वसा घेतला. मग त्याच्या देशाचे व्यापारी त्या वाटेने आले. राजा भुईवर बसून लोकांचं ऐकतोय हे त्यांनी पाहिलं, घरी जाऊन सांगितलं. लोकांनी निरोप धाडला, "यायचं तर या. पण सिंहासन आता मोडलंय. इथे मतं मागावी लागतात." राजा आला. दारोदार फिरला, हात जोडले, मतं मागितली. लोकांनी निवडून दिला, कारभारी केला. दर सोमवारी तो चव्हाट्यावर बसू लागला.

पण कारभार म्हणजे काय सुख असतं का बायांनो? सकाळी सभा, दुपारी सभा, संध्याकाळी सभा. राजाचे पाय सुजले. एका सोमवारी त्याला उठवेना. म्हणाला, "आजच्या दिवस पगडी जाऊ दे."

"अहो, नको," चंपावती म्हणाली. ऐकतो कोण? पगडी मोटारीत बसून गेली.

त्या दिवशी तळ्याखालच्या वाडीतली ठकू चव्हाट्यावर आली. म्हणाली, "तळ्याचा बांध पाझरतोय हो, माणसं पाठवा." पगडीजवळचा शिपाई पेंगत होता. ठकू तिन्हीसांजेपर्यंत थांबली, मग घरी गेली. दुसऱ्या दिवशी बांध फुटला. माणसं टेकाडावर चढून वाचली. पण गुरं गेली, घरं गेली, उभं पीक गेलं.

राजा घाबरला. म्हणाला, "चंपावती, चल. पुन्हा परमुलखात जाऊ."

"तेव्हा लोकांनी घालवलं म्हणून गेलो. आता कोणी घालवत नाही. मला आता चालवत नाही हो. जायचं तर त्या वाडीत जा."

राजा रडला. मग अनवाणी वाडीत गेला, चिखलात बसला. ठकूने त्याला नाही नाही ते ऐकवलं. राजा मध्ये बोलला नाही. शेवटी म्हणाला, "माझं चुकलं, बाई." मग त्याने बांध घातला, घरं उभी केली. गुरं काही परत आली नाहीत. निवडणूक आली तेव्हा लोकांनी त्याला पाडलं. ते बरोबरच केलं म्हणा.

मग सोमवार आला. राजा उठला, काठी घेतली. राणी म्हणाली, "आता तुम्ही कोणी नाही. तुमच्याकडे कोण येणार?"

"न का येईनात," राजा म्हणाला.

जाऊन भुईवर बसला. सकाळ गेली, कोणी आलं नाही. दुपार गेली, कोणी आलं नाही. ऊन कललं तेव्हा ठकू आली, समोर बसली. राजा म्हणाला, "सांग बाई, ऐकतो."

ठकू म्हणाली, "माझं आज काही नाही. तुमचं सांगा."

राजा होता तेव्हा त्याला कोणी विचारलं नव्हतं, कारभारी होता तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. त्याने काठी बाजूला ठेवली. म्हणाला, "ठकू, मी फार दमलोय गं." मग तो सांगत गेला. घरोघरी दिवे लागले. ठकू मध्ये एक शब्द बोलली नाही.

जसं त्याला ऐकणारं माणूस भेटलं, तसं तुम्हांआम्हांला, दमल्याभागल्या सगळ्यांना भेटो. ही लांब वाटेची कहाणी थोडक्या बोलांत सांगितली, ऐकणारीच्या पदरी सुफळ झाली, संपूर्ण झाली.