नळाची चिठ्ठी

एकदा एका शाळेत एक तक्रारपेटी होती आणि ती वर्षभर रिकामी होती. कार्यालयाच्या दारालगत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर ती टांगलेली असे. पेटी सांभाळणारी तरुण शिक्षिका अनघा हे मोठ्या अभिमानाने सांगे. रिकामी पेटी म्हणजे जणू शाळेला मिळालेलं प्रशस्तिपत्रच!

एके दिवशी तिच्या गुरू, त्याच शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, भेटीला आल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. पेटीची किल्ली खुंटीवर, कोणाच्याही हाताशी लटकत होती. ती काढून त्यांनी अनघाच्या हाती दिली.

"येत्या शनिवारपासून पाचवी ते दहावीच्या प्रत्येक मुलाने पेटीत चिठ्ठी टाकायची. ज्याला काही सांगायचं नसेल त्याने चिठ्ठीवर फूल काढावं. पण टाकायची सगळ्यांनी. वाचायच्या फक्त आपण दोघींनी."

शनिवारी तीनशे चिठ्ठ्या निघाल्या. निम्म्यांवर फुलंच. बाकीच्यांत खिचडीत मीठ कमी, मुलींकडचा नळ गळतो, आणि अंबाड्यासकट अनघाचं एक व्यंगचित्र. मोठ्या बाईंनी सगळं गंभीरपणे टिपून घेतलं आणि नळासाठी स्वतः प्लंबरच्या मागे लागल्या. शिक्षकांच्या खोलीत हसू पिकलं. चार शनिवारांनंतर अनघाही वैतागली.

"बाई, ही फुलं बघायला का मी बी.एड. केलं?"

"बघ तू," बाई म्हणाल्या.

पाचव्या शनिवारी एका फुलाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'खेळाचे सर सामानाच्या खोलीत एकटीला बोलावतात आणि अंगाला हात लावतात. आईला कसं सांगू कळत नाही.' खाली नाव होतं. सातवी ब.

अनघाने चिठ्ठी मोठ्या बाईंपुढे धरली. "बाई, आधी सरांना विचारून बघू या का? शाळेचं नाव..."

"पोरीने तुला सांगितलंय, त्यांना नाही. तिची उलटतपासणी आपण करायची नाही. तपास पोलीस करतील. आपण तिच्या शेजारी बसायचं आणि तुझी काही चूक नाही, एवढं तिला सांगायचं."

त्याच दुपारी तिच्या आईला बोलावलं, पोलिसांना कळवलं. सरांचं शाळेत येणं बंद झालं. मुलीशी बोलायला समुपदेशक ताई येऊ लागल्या.

"रिकाम्या पेटीकडे एकटीने चालत जायचं," मोठ्या बाई अनघाला म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासोबत काहीतरी घडलंय, हे साऱ्या शाळेला दाखवायचं. कोण जाईल? तीनशे जणांच्या रांगेत ती कोणाला दिसली? ती फुलं वाया गेली नाहीत, बाळ. त्यांचा तिला आडोसा झाला."

दोन महिन्यांनी ती मुलगी पुन्हा खो-खो खेळू लागली. एकदा मैदानातून येताना ती अनघापाशी थांबली.

"बाई, पहिल्या शनिवारी नळाचं मीच लिहिलं होतं."

"हो का गं?"

"सोमवारी नळ दुरुस्त झाला. मग वाटलं, इथे खरंच कोणीतरी वाचतंय."

 अनघाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या शनिवारी अनघाने सगळ्या चिठ्ठ्या एकेक करून उघडल्या, आणि प्रत्येक फूल नीट पाहिलं.