साळू सोंगाडीण आणि राजाचं कापड

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, आपल्या पणज्यांनाही जे राज्य नुसतं ऐकून माहीत होतं, तिथली ही गोष्ट. साळू नावाची एक सोंगाडीण राजाच्या बोलावण्यावरून राजधानीत आली. तिला वाटलं होतं, हजार माणसं आपली वाट पाहत बसली असतील. प्रत्यक्षात तिला दिसली एक बंद खोली, भिंतीवर ताणलेलं पांढरं कापड आणि हातात कापड मोजायचा गज घेतलेला एक कारभारी.

ते कापड मात्र साधं नव्हतं. त्याच्यासमोर कुणी बोललं, नाचलं, की ते रूप आणि तो आवाज त्यात मुरत असे. मग त्याची गुंडाळी बैलगाडीतून गावोगाव जाई. मागे दिवा लावला की तोच माणूस कापडावर पुन्हा बोलू लागे. ज्या गावांत वर्षानुवर्षं एकही खेळ पोचत नसे, तिथे आता हसू पोचणार होतं. राजाचा हेतू चांगला होता आणि साळूला तो मनापासून पटला होता.

साळूचा खेळ आधी कधीच ठरलेला नसे. ती मैदानात उभी राहून विचारी, "बोला, आज घरात कोण कुणावर रुसलंय?"

गर्दीतून कुणीतरी ओरडे, "माझी सासू, म्हशीवर!"

झालं! साळू घडीत सासू होई, घडीत म्हैस. लोक हसले की ती थांबे. हसणं ओसरू लागलं की नेमकं पुढचं वाक्य टाकी. तिचा ढोलकीवाला सिदबामामा म्हणे, "पोरी, निम्मा खेळ तू करतेस. निम्मा समोरचे करतात."

पहिल्या दिवशी कापडासमोरही तिने सवयीने विचारलं, "बोला, कोण रुसलंय?" आणि उत्तराची वाट पाहत उभी राहिली.

"बाई, कुणाची वाट बघताय?" कारभारी म्हणाला.

"लोकांची."

"लोक इथे नाहीत. हातभर कापड विणायला महिना लागतो. तुम्ही गप्प उभ्या राहाल तेवढा तुकडा मी कापणार आणि पुढचं मागच्याला शिवणार."

"अहो, पण मग लोक हसतील कधी?"

"हसतील की! त्यांना कोण अडवतंय?"

साळू हुशार होती. न थांबता बोलायला ती आठ दिवसांत शिकली. तीन वर्षांत तिचं नाव घरोघरी झालं. पोरं तिच्यासारखी मान वाकडी करून चालू लागली. एका गावात तर खोडकर वासराचं नाव साळू ठेवलं गेलं. राजाने तिला राजनटी करायचं ठरवलं, मानाची शाल विणून तयार झाली. पण या तीन वर्षांत साळूने हसणारं एकही माणूस समोर पाहिलं नव्हतं. आपल्याला अजून हसवता येतं का, हेच तिला कळेनासं झालं होतं.

शाल घेण्याच्या आदल्या दिवशी ती डोक्यावरून पदर ओढून सिदबामामाबरोबर एका आडगावी गेली. सांजवेळी मैदानात कापड ताणलं गेलं. साळू एका म्हातारीशेजारी बसली.

कापडावरची साळू म्हैस झाली आणि म्हातारी खो खो हसू लागली. तिच्या सुनेने तिला ढोसलं. "आत्याबाई, गप बसा! हसू नका, पुढचं निसटतं!"

साळूने मागे वळून पाहिलं. सगळं गाव तोंडात पदर, उपरणी कोंबून बसलं होतं. एकजण मनसोक्त हसायला देवळामागे गेला होता. तो परत येईपर्यंत सासू आणि म्हैस यांचा समेटही झाला.

"ए बये, जरा थांब की!" म्हातारी कापडाला म्हणाली. "मला हसू तरी दे!"

कापडावरची साळू थांबली नाही.

म्हातारी शेजारणीकडे, म्हणजे खऱ्या साळूकडे वळली. "पोरगी गुणी आहे गं. पण आपण इथे आहोत हे तिला ठाऊकच नाही."

परतीच्या वाटेवर सिदबामामाने विचारलं, "मग? उद्या राजनटी होणार ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कारभाऱ्यासमोर उभी राहिली. "कापडासमोर मी काम करीन. पण खोलीत दहा माणसं बसतील, दळणारी, धुणारी, कुणीही. ती हसतील तेवढा वेळ मी थांबेन आणि ते थांबणं तुम्ही कापायचं नाही."

"एका ताग्यातून तीन खेळ निघतात, बाई, एकेका गावाला एक. असं केलं तर दोनच निघतील. तिसऱ्या गावाने काय करायचं?"

कारभाऱ्याचं बोलणं खोटं नव्हतं.

"तिसऱ्या गावाला मी स्वतः चालत जाईन," ती म्हणाली.

"ठीक, दहा माणसं बसवू. पण गावोगाव भटकणारीला राजनटी म्हणत नाहीत. ही शाल मग दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर जाईल."

"जाऊ दे," साळू म्हणाली. तिने सिदबामामाला हाक मारली आणि दोघं पायी त्या तिसऱ्या गावाकडे निघाली.

तात्पर्य: ज्याला लोकांना हसवायचं आहे, त्याने लोकांसाठी थांबायला शिकावं.