गांडुळाची शिट्टी

ऑस्ट्रेलियात माणसाच्या आधी फुटबॉल पोचला होता, आणि पंचाला शिव्या त्याच्याही आधी.

कांगारू आणि इमूंच्या सामन्यात गरुड पंच असायचा. ढगातून त्याला गवतातली मुंगी दिसायची. पण कांगारूने चेंडू पोटावरच्या पिशवीत लपवला म्हणून त्याने शिट्टी फुंकली, की कांगारूंचा कट्टर समर्थक काकाकुवा झाडावरून किंचाळायचा, "अरे आंधळ्या!"

एक दिवस गरुड वैतागला. "मग आंधळाच आणा!" म्हणाला आणि उडून गेला.

प्रेक्षकांनी खरंच गांडूळ आणलं. त्याचा गळा नेमका कुठे ते ठरेना, म्हणून शिट्टी मधोमध बांधली.

खेळ सुरू होताच कांगारू आणि इमू एकमेकांवर धाडकन आदळले. जमीन हादरली, तशी शिट्टी वाजली.

"अरे आंधळ्या!"

"हो काका, जन्मापासून," गांडूळ अदबीने म्हणालं. "तुम्ही बघितलंत ना? कुणी कुणाला धडक दिली, तेवढं सांगा."

काकाकुव्याचा तुरा खाली बसला. "मी कुठे खेळ बघत होतो? मी पंचाकडे बघत होतो!"

इमूंच्या बाजूनेही माना डोलल्या.

पुढच्या सामन्याला सगळ्यांनी हातापाया पडून गरुडाला परत आणलं. पहिली शिट्टी वाजायच्या आतच काकाकुवा तृप्त मनाने किंचाळला, "अरे आंधळ्या!"