नदी वळवणारा प्रधान

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. तिथला प्रधान लोकच निवडत. दर पाच वर्षांनी गावोगाव मडकी मांडत आणि ज्याच्या मडक्यांत चिंचोके जास्त पडतील, तो प्रधान.

त्या राज्यात एक कासारीण होती. बाजारपेठेत तिचं छोटं दुकान होतं; एरवी डोक्यावर बांगड्या घेऊन ती गावोगाव फिरे. वाटेत नदी लागे आणि नदीवरचा पूल वाहून गेलेला. पाण्यातून जाताना पाय घसरून दोनदा तिच्या बांगड्यांचा चुरा झाला. शेवटी ती तक्रार घेऊन प्रधानाकडे गेली. प्रधान जाणता होता, वीस वर्षं कारभार पाहत होता; पण त्याने तिला दिवसभर ओसरीवर बसवून ठेवलं आणि दिवस कलल्यावर निरोप धाडला, की पुलाचा विचार चालू आहे.

त्याच वर्षी निवडणुकीला एक परमुलखातला माणूस उभा राहिला. जत्रेत टक्कल घालवायचं तेल विकायचा. स्वतःच्या डोक्यावर एक केस नव्हता. ढोलकं वाजवून तो सांगे, की पूल हवाच कशाला, मी नदीच पलीकडे वळवतो. लोक पोट धरून हसत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायला जात.

कासारीण बांगड्या भरायला बसली, की बाया हळूच सांगत, "तो काही निवडून येत नाही. पण प्रधानाला जरा घाम फुटू दे, म्हणून माझा चिंचोका त्यालाच."

हेच तिने पंधरा गावांत ऐकलं. आपल्यासारख्या विचाराच्या इतक्या बाया आहेत, याचं तिला बरंच वाटलं. तिनेही आपला चिंचोका तेलवाल्याच्या मडक्यात टाकला.

मोजणी झाली. तेलवाला निवडून आला. निकाल ऐकून त्याने दोनदा विचारलं, की नक्की मीच ना. पण शब्द तर देऊन बसला होता. त्याने हुकूम काढला, की घरटी एकाने कुदळ घेऊन नदीवर यावं.

सहा महिने खणूनही नदी वळली नाही. पावसाळ्यात मात्र खणलेल्या चरातून पाणी थेट बाजारपेठेत शिरलं. कासारणीचं दुकान गुडघाभर गाळात गेलं.

गाळ उपसताना तिच्या शेजारी जुना प्रधान उभा होता, धोतर खोचून.

"तुम्ही पूल बांधला असता तर ही वेळ आली नसती," ती म्हणाली.

"खरं आहे, बाई. पण तुमचा चिंचोका कुणाला होता?"

कासारीण वाकून गाळ ओढू लागली. "मी आपली गंमत केली होती."

"माझ्या बायकोनेही गंमतच केली होती," प्रधान म्हणाला आणि चिखलाचं टोपलं त्याने तिच्या हातात दिलं.

तेव्हा लहानथोरांनी एवढं ध्यानात ठेवावं: मत रागाने दिलेलं असो की गमतीने, मोजताना ते पूर्णच धरलं जातं.