तीट लावणारा कॅमेरा

प्राणी हौसेने फोटो काढून घेत, तेव्हाची ही गोष्ट. रानात केरबा नावाच्या वानराचा फोटो स्टुडिओ होता. एकदा त्याने कॅमेऱ्याच्या आतला सेन्सर आपल्या शेपटीनेच पुसला. ओरखडा उमटला आणि प्रत्येक फोटोत एक काळा ठिपका येऊ लागला.

पिलांच्या आया मात्र खूश! "बरं झालं बाई, आयतीच तीट लागली," म्हणत त्या फोटो घेऊन जात. केरबाही गप्प राहिला. पण बगळ्याच्या लग्नात तो ठिपका नेमका नवरीच्या पांढऱ्याशुभ्र पंखावर आला. नवरी रडली. केरबाला मान वर करवेना.

तो घुबडाच्या कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात गेला. "सेन्सर गेला," एवढंच म्हणाला.

"मग नवा टाकू. त्याचे आंब्याचं अख्खं झाड द्यावं लागेल."

केरबा जायला वळला. तसं घुबड म्हणालं, "अहो थांबा, झालं काय ते तरी सांगा!"

केरबाने खाली बघत शेपटीचं सांगितलं. घुबडाने कॅमेरा उजेडात तिरपा धरला. "असं होय! सेन्सर धडधाकट आहे, ओरखडा त्याच्या वरच्या काचेवर आहे. नुसती काच बदलतो. टोपलीभर करवंदं द्या."

दुसऱ्या दिवशी सशीण पिलाला घेऊन आली. फोटो लख्ख निघाला, तशी ती हिरमुसली. "आमची तीट कुठे गेली हो, भावोजी?"

केरबाने काजळात बोट बुडवलं आणि पिलाच्या गालावर टेकवलं.

"वहिनी, तीट बाळाला लावायची असते. कॅमेऱ्याला नाही."